शेवटचा पाय पाहा!



खेकडा तुम्हांला नवा नाही. पावसाळ्यात ओढ्यातला दगड उलटावा, तर खाली खेकडा दबा धरून बसलेला सापडतो. धानाच्या बांधीतले पाणी एकाएकी उतरू लागले, तर शेतकरी आधी खेकड्याचे बीळ शोधतो. पण "हा खेकडा कोणत्या जातीचा?" असे कुणी विचारले, तर "काळा", "तपकिरी", "चांगला मोठा" याहून अधिक काही आपल्याला सांगता येत नाही.

गंमत अशी, की रंग आणि आकारमान याच खेकड्याच्या सर्वांत कमी भरवशाच्या खुणा आहेत. एकाच जातीचा नर निळा आणि मादी मळकट हिरवी असू शकते. कात टाकली की तोच खेकडा काही तासांत आधीपेक्षा मोठा होतो. आणि भांड्यात शिजला की बहुतेक खेकडे लालच दिसतात. त्यांच्या कवचात ॲस्टाझँथिन नावाचे लाल-नारिंगी रंगद्रव्य असते. जिवंतपणी ते एका प्रथिनाशी बांधलेले असते, म्हणून निळसर किंवा हिरवट दिसते. उष्णतेने प्रथिन मोडते आणि मूळचा लाल रंग उघडा पडतो.

मग भरवसा कशावर ठेवायचा? मोजणीवर आणि अवयवांच्या घडणीवर. किती दात, किती चिमटे, शेवटचा पाय टोकदार की चपटा, हे प्रश्न विचारायला शिकलात, तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहूनही तुम्ही खेकड्यांचे आणि त्यांच्या भाऊबंदांचे कूळ सांगू शकाल. गडचांदूरहून बंगालचा उपसागर सरळ रेषेत चारशे किलोमीटरांहून अधिक लांब आहे आणि अरबी समुद्र सुमारे साडेसहाशे. तरीही समुद्राचे रहिवासी आपल्याकडे येतातच. आठवडी बाजारात पाटीत मांडलेला सुका जवळा आणि झिंगे आठवून पाहा.

दहा पायांचे गोत

कीटक, कोळी, विंचू आणि खेकडे हे सारे संधिपाद संघातले प्राणी. त्यांचे पाय सांध्यांचे आणि सांगाडा शरीराच्या बाहेर. कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ. खेकडा, कोळंबी, झिंगा, शेवंड यांना मात्र पायांच्या पाच जोड्या, म्हणजे दहा पाय असतात. म्हणून कवचधर वर्गातील या गणाला दशपाद असे नाव आहे. खेकड्याच्या नांग्या ही त्या पाचांतली पहिली जोडी.

कोळंबीला लांब शेपटीसारखे उदर असते. खेकड्यालाही ते असते, पण ते पातळ होऊन पोटाखाली दुमडलेले असते. खेकडा उताणा केला की मधोमध जी झडप दिसते, तेच त्याचे उदर. डोके आणि छाती यांवर मिळून एकच रुंद ढाल असते. तिला पृष्ठवर्म म्हणतात.

वल्हे झालेला पाय

आता शेवटच्या, म्हणजे पाचव्या जोडीकडे वळू. ओढ्यातल्या खेकड्याचा शेवटचा पाय इतर पायांसारखाच टोकदार असतो. दगडावर, मातीत पकड घ्यायला टोकच हवे. समुद्रातल्या पोहणाऱ्या खेकड्यांत मात्र या पायाची शेवटची दोन पेरे पसरट होऊन पानासारखी झालेली असतात, आणि त्यांच्या कडेला बारीक केसांची झालर असते. हे झाले वल्हे. या खेकड्यांच्या कुळाला पोर्ट्युनिडी म्हणतात.

वल्ह्याचे काम पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. टोकदार काठी पाण्यात कितीही जोराने हलवली, तरी ती थोडेच पाणी मागे ढकलते. पसरट पाते पुष्कळ पाणी ढकलते, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे ते पाणी खेकड्याला उलट दिशेने रेटते. शिवाय खेकडा हे पाते नुसते पुढेमागे मारत नाही. ते तिरपे धरून, आठच्या आकड्यासारखे वळवत फिरवतो. त्यामुळे पंख्याच्या पात्याप्रमाणे जाताना आणि येताना अशा दोन्ही वेळा जोर मिळतो. या वल्ह्यांच्या बळावर तो आडवा पोहतो आणि संकट आले तर त्यांनीच वाळू उकरून पाहता पाहता मागच्या मागे वाळूत दडतो.

एक सावधगिरी हवी. शेवटची एकच जोडी चपटी असेल, तरच तो पोर्ट्युनिडी कुळातला समजावा. वाळूच्या किनाऱ्यांवर मॅट्यूटा नावाचा एक खेकडा मिळतो. त्याच्या नांग्या सोडून चारही जोड्या चपट्या असतात. त्याचे कूळ निराळे.

किनाऱ्यावरचे चार खेकडे

महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खेकड्याला चिंबोरी, कुर्ली अशी नावे आहेत. तिथल्या बाजारात येणारे चार वल्हेवाले खेकडे ओळखायला शिकू. पृष्ठवर्माच्या पुढच्या कडेला डोळ्यापासून बाजूच्या कोपऱ्यापर्यंत करवतीसारखे दात असतात. एका बाजूचे दात मोजायचे. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी असतो तो पहिला दात.

१) नऊ दात, नववा दात लांब काट्यासारखा बाहेर आलेला, पाठीवर फिकट जाळीदार नक्षी: हा निळा खेकडा, पोर्ट्युनस पेलॅजिकस आणि त्याचे जवळचे नातलग. नांग्या लांब आणि सडपातळ.

२) नऊ दात, नववा तसाच लांब, पण पाठीच्या मागच्या भागावर फिकट कडेचे तीन गडद ठिपके: हा तीन ठिपक्यांचा खेकडा, पोर्ट्युनस सँग्विनोलेंटस.

३) सहा दात, पाठीवर गडद-फिकट पट्टे आणि मध्ये क्रुसासारखी आकृती: हा क्रूस खेकडा, कॅरिब्डिस फेरिएटा. संत फ्रान्सिस झेवियरचा समुद्रात पडलेला क्रूस एका खेकड्याने किनाऱ्यावर आणून दिला, अशी एक आख्यायिका आहे. झेवियरचे अवशेष जुन्या गोव्यात आहेत, हे तुम्हांला ठाऊक असेलच.

४) नऊ दात, सगळे जवळपास सारखे, नववा लांब नाही, पाठ गुळगुळीत आणि नांग्या फुगीर, जबर: हा खारफुटीच्या चिखलातला खेकडा. याच्या वंशाचे नाव सिला.

सिला आणि कॅरिब्डिस ही ग्रीक पुराणातल्या दोन समुद्रराक्षसिणींची नावे. डी हान या डच प्राणिशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये ती या दोन वंशांना दिली. सिलाची नांगी एकदा पाहिली, की नाव ठेवणाऱ्याला दोष द्यावासा वाटत नाही.

नर, मादी आणि न ओळखता आलेली पिल्ले

खेकडा उताणा करून उदराची झडप पाहा. अरुंद असेल तर नर. रुंद आणि अर्धगोल असेल तर पूर्ण वाढलेली मादी. रुंदीचे कारण उघड आहे. मादी आपली अंडी या झडपेखाली चिकटवून सांभाळते. समुद्री खेकड्यांच्या एका घोसात लाखो अंडी असतात. ती सुरुवातीला नारिंगी दिसतात. आतला बलक संपत जातो, पिल्लांचे डोळे तयार होतात, तसा घोस तपकिरी आणि शेवटी काळपट होतो. घोसाच्या रंगावरून पिल्ले किती दिवसांची आहेत याचा अंदाज येतो तो असा.

अंड्यातून बाहेर येणारे पिल्लू खेकड्यासारखे मुळीच दिसत नाही. पाठीवर लांब काटा, मोठे डोळे, मागे शेपटी, असा तो पाण्यात तरंगणारा सूक्ष्म जीव असतो. या डिंभाला झोइया म्हणतात. बॉस्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये त्याला स्वतंत्र प्राणी समजून हे नाव दिले होते. पुढे १८२० च्या दशकात आयर्लंडमधील कॉर्क बंदराजवळ जॉन व्हॉन टॉम्सन या लष्करी डॉक्टरने हे जीव पाळून पाहिले, आणि ते खेकड्याचेच बाळरूप असल्याचे दाखवून दिले. झोइया अनेकदा कात टाकते, मग मेगॅलोपा हे दुसरे रूप घेते, आणि त्यानंतर कुठे छोटा खेकडा तयार होतो. लाखो अंड्यांतून इथवर पोचणारी पिल्ले मोजकीच.

म्हणूनच अंडी असलेली मादी ओळखणे ही नुसती वर्गातली गोष्ट राहत नाही. मुंबईच्या समुद्रात वाळूवर राहणारी एक चपटी शेवंड मिळत असे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ट्रॉलरमधून ती मोठ्या प्रमाणावर पकडली जाऊ लागली. अंडी असलेल्या माद्याही त्याच जाळ्यात आल्या. १९९४ पर्यंत ती मासेमारी संपुष्टात आली. त्या वेळी तिला थीनस ओरिएंटॅलिस म्हणत आणि या वंशात एकच जात आहे असे मानत. २००७ मध्ये संशोधकांनी नीट तपासले, तेव्हा त्या एका नावाखाली पाच जाती निघाल्या.

कात आणि पास्कलचा नियम

बाहेरचा सांगाडा म्हणजे लोखंडी चिलखत. ते शरीराबरोबर वाढत नाही. म्हणून खेकडा वाढायचा तर चिलखत टाकून द्यावे लागते. जुने कवच मागच्या कडेला उकलते आणि खेकडा मागच्या मागे त्यातून बाहेर येतो. डोळ्यांचे देठ, पाय, क्लोमांवरचे आवरण, सगळ्यांचा साचा जुन्या कवचात जसाच्या तसा राहतो. बाहेर आलेला खेकडा लिबलिबीत असतो. तो भराभर पाणी शोषून फुगतो, आणि नवे कवच त्या फुगलेल्या मापाचे होते. मग त्यात कॅल्शियम कार्बोनेट साठून ते टणक बनते. या कुळातल्या माद्यांचे मीलन बहुधा याच मऊ अवस्थेत होते, आणि तोवर नर मादीला आपल्या पायांत धरून तिचे रक्षण करतो.

आता प्रश्न असा, की मऊ कवचाचा खेकडा हलतो कसा? स्नायूंना ओढायला काही तरी ताठ हवे. २००३ मध्ये टेलर आणि कीअर या अमेरिकी संशोधकांनी तिथल्या निळ्या खेकड्यावर प्रयोग करून याचे उत्तर दिले. हा खेकडाही पोर्ट्युनिडी कुळातलाच. कात टाकल्यावर त्याच्या शरीरातला द्रव दाबाखाली असतो, आणि त्या दाबामुळे मऊ पायांना ताठरपणा येतो. कवच टणक झाले की पुन्हा कवचाचा सांगाडा कामाला लागतो. बंद द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही पुस्तकात वाचला आहे. हवा भरलेली सायकलची ट्यूब जशी ताठ उभी राहते, तसाच हा खेकडा काही दिवस पाण्याच्या सांगाड्यावर जगतो.

एका नावाचा घोटाळा

आता खारफुटीतल्या खेकड्याची हकिगत ऐका. १७६१ मध्ये डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानच्या अभ्यासासाठी एक मोहीम पाठवली. तिच्यात पीटर फोर्सकोल हा निसर्गशास्त्रज्ञ होता. तांबड्या समुद्राच्या काठाने त्याने मासे, खेकडे, वनस्पती यांची टिपणे केली, आणि जुलै १७६३ मध्ये येमेनमध्ये तापाने तो वारला. एकामागून एक सारे सोबती गेले. एकटा कार्स्टन नीबूर उरला. तो १७६३ मध्ये मुंबईला आला, वर्षभराहून अधिक काळ राहिला आणि घारापुरीच्या लेण्यांची चित्रे त्याने काढली. मायदेशी परतल्यावर १७७५ मध्ये त्याने मित्राची टिपणे छापली. त्यांत एका खेकड्याचे त्रोटक वर्णन होते. तोच आजचा सिला सेराटा.

फोर्सकोलने वर्णन केलेला मूळ खेकडा मात्र जपून ठेवलेला नव्हता. त्यामुळे पुढे वाद सुरू झाला. फिलिपिन्समधील कोळी या खेकड्यांत निरनिराळे प्रकार मानत आणि त्यांना वेगळी नावे देत. १९४९ मध्ये एस्टांपाडोर या तिथल्या शास्त्रज्ञाने तीन जाती आणि एक पोटजात वेगळी केली. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियातील दोघा शास्त्रज्ञांनी त्या सगळ्या पुन्हा एक करून टाकल्या. अखेर १९९८ मध्ये कीनन, डेव्ही आणि मान यांनी शरीराची मापे आणि आनुवंशिक तपासणी या दोन्हींच्या आधारे सिला वंशात चार जाती असल्याचे सिद्ध केले, आणि सेराटासाठी तांबड्या समुद्रातला नवा आदर्श नमुना ठरवला. कोळ्यांची नजर खरी ठरली.

आपल्याकडे गोंधळ आणखी निराळा होता. भारतातल्या अनेक जुन्या लेखांत मोठ्या, हिरवट खेकड्याला सिला ट्रँक्विबारिका आणि लहान, तपकिरी खेकड्याला सिला सेराटा म्हटले जाई. डीएनए तपासल्यावर कळले, की मोठा तोच खरा सेराटा आणि लहान तो सिला ऑलिव्हेशिया. सेराटा दोन किलोहून जड होऊ शकतो. ऑलिव्हेशिया पुष्कळ लहान राहतो. आता कल्पना करा, की कुणी सेराटाच्या वाढीचे परदेशी पुस्तक वाचून तळे बांधले आणि त्यात ऑलिव्हेशियाची पिल्ले सोडली. खाद्य, दिवस, पैसा यांचा सारा हिशेब चुकणार! सिंधुदुर्गात खारफुटीत जाळीचे कुंपण घालून बचत गट खेकडे वाढवतात. त्यांच्या दृष्टीने नाव चुकणे म्हणजे पदरचे पैसे जाणे.

या दोघांतला फरक सांगणाऱ्या खुणा मात्र सोप्या आहेत. डोळ्यांच्या मधले दात उंच आणि टोकदार असतील, नांगीच्या मनगटावर बाहेरच्या बाजूस दोन ठसठशीत काटे असतील आणि सर्व पायांवर जाळीची नक्षी असेल, तर सेराटा. मधले दात बुटके आणि गोलसर, मनगटावर फार तर एक लहान काटा आणि पायांवर नक्षी जवळजवळ नाही, तर ऑलिव्हेशिया.

निळ्या खेकड्याचेही असेच झाले. लिनीयसने १७५८ मध्ये नाव दिलेला पोर्ट्युनस पेलॅजिकस ही एकच जात मानली जात होती. २०१० मध्ये तिच्या चार जाती करण्यात आल्या. भारताच्या किनाऱ्यावरील खेकड्यांची मोठी यादी कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८९५ ते १९०० या काळात केली, आणि मुंबई राज्याच्या खेकड्यांवर तारापोरवाला मत्स्यालयाच्या बी. एफ. छापगर यांनी १९५७ मध्ये सविस्तर लिहिले. अशा याद्या पुनःपुन्हा तपासाव्या लागतात, त्या या कारणाने.

समुद्राकडे न जाणारा खेकडा

आपल्या ओढ्यातला खेकडा या सगळ्यांहून निराळा. तो अंडी घालायला समुद्राकडे जात नाही. त्याची अंडी संख्येने फार थोडी, पण आकाराने मोठी असतात. झोइयाची सारी अवस्था अंड्याच्या आतच उरकते आणि बाहेर येतो तो तयार चिमुकला खेकडा. काही काळ ही पिल्ले आईच्या झडपेखालीच राहतात.

नदीतल्या झिंग्यांचे असे नसते. गोदावरीच्या खोऱ्यातला मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी हा मोठा झिंगा गोड्या पाण्यात वाढतो, पण त्याच्या डिंभांना मचूळ पाणी लागते. मुखाजवळ वाढलेली पिल्ले प्रवाहाविरुद्ध वर चढतात. गडचांदूर परिसरातल्या नाल्यांचे पाणी वर्धेतून प्राणहितेत, सिरोंच्याजवळ गोदावरीत आणि शेवटी काकीनाड्याजवळच्या कोरिंगाच्या खारफुटीत पोचते. तिथल्या चिखलात सिला राहतो. झिंग्याला याच वाटेने उलटे यायचे असते, आणि वाटेत बंधारा आला की त्याची वाट तिथेच अडते.

करून पाहा

१) बाजारातून थोडा सुका जवळा आणि अख्खे सुके झिंगे आणा. सोडे चालणार नाहीत, ते सोललेले असतात. कोमट पाण्यात तासभर भिजवा आणि भिंगाखाली पाय मोजा. सुक्या मालाचे पाय मोडतात, म्हणून आठ-दहा नमुने तरी तपासा. पहिल्या तीन जोड्यांना टोकाशी चिमटे असतील, तर ती कोळंबी. दोनच जोड्यांना चिमटे असतील, तर नदीचा झिंगा किंवा समुद्रातली करंदी. दोघी एकाच गटातल्या. जवळ्यात एक नवल दिसेल: पायांच्या तीनच जोड्या! दशपाद गणातला असूनही त्याच्या शेवटच्या दोन जोड्या नाहीशा झालेल्या आहेत.

२) खेकड्याच्या रिकाम्या कवचाचा तुकडा व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे येतील. तो कार्बन डायऑक्साइड. कॅल्शियम कार्बोनेट विरघळून गेले, की मागे कायटिनचा लवचिक तुकडा उरेल. सिमेंट कारखान्यांना लागणाऱ्या चुनखडीचा खडाही असाच तपासा. गडचांदूरकडच्या चुनखडीत खेकड्याचा जीवाश्म मात्र शोधू नका. ती पन्नास कोटी वर्षांहून जुनी आहे, आणि खेकडे पृथ्वीवर आले ते सुमारे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वी.

३) शाळेजवळच्या ओढ्यातले खेकडे पाहा. नांग्या मागून, पृष्ठवर्माच्या दोन्ही बाजूंनी धरा, म्हणजे चिमटा बसणार नाही. वहीत तारीख, जागा, पृष्ठवर्माची रुंदी, झडपेचा आकार आणि शेवटच्या पायाचे टोक लिहा. रंग लिहिलात तरी शेवटी लिहा. २०१६ मध्ये सह्याद्रीतून गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या पाच नव्या जाती जाहीर झाल्या, त्यांची सुरुवातही कुणीतरी दगड उलटून नीट पाहण्यानेच झाली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतले ओढे पुष्कळ आहेत आणि त्यांतले दगड त्याहून पुष्कळ. मोजणी झाली, की खेकडा ज्या दगडाखाली सापडला, त्याच दगडाखाली सोडा आणि दगड होता तसा ठेवा.